कान वाहतो त्याची गोष्ट

वेरूळला येणारा माणूस आधी कैलासात शिरतो, आणि ते बरोबरच आहे. मी मात्र जन्मभर मुलांची डॉक्टर होते, त्यामुळे माझे पाय आधी चौदाव्या लेण्याकडे वळतात. लोक त्याला 'रावण की खाई' म्हणतात. आत प्रदक्षिणेच्या वाटेवर सप्तमातृका ओळीनं बसल्या आहेत आणि त्यांच्याजवळ लेकरं आहेत. काहींचे चेहरे झिजलेत, काहींचे हात तुटलेत. पण आई कोरायची ती लेकरासकट, हे त्या पाथरवटांनी पक्कं ठरवलेलं दिसतं. तेराशे वर्षं झाली, त्या बसूनच आहेत.

या मातृका नुसत्या मायेच्या देवता नव्हेत, त्यांच्यामागे भीती आहे. लेकरू जगेल की जाईल हे ज्या काळी कुणाच्याच हातात नव्हतं, त्या काळच्या या आया. आमच्या गावात बाळाची पाचवी पुजताना सटवाईपुढे सुईण जशी हात जोडून बसायची, तोच भाव मला त्या दगडात दिसतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रह सांगितले आहेत. स्कंद, शकुनी, रेवती, पूतना, नैगमेष अशी त्यांची नावं आहेत, आणि बाळाला ताप, झटके, हगवण झाली की यांपैकी कुणाची तरी बाधा मानायची. पण त्याच उत्तरतंत्रात, या ग्रहांच्या काही अध्याय आधी, कानाचे रोग येतात, आणि तिथे सूर एकदम बदलतो. तिथे ग्रह नाही, बाधा नाही. कान का वाहतो? तर डोक्याला मार लागला म्हणून, पाण्यात बुडी मारली म्हणून, किंवा आत गळू पिकलं म्हणून. एखाद्या जाणत्या वैद्यानं रोग्याशेजारी बसून पाहावं आणि लिहावं तसं ते आहे. सुश्रुतानं कानाचे रोग 28 मोजले. त्यांत ठणका म्हणजे कर्णशूल आहे, वाहणं म्हणजे कर्णस्राव आहे, आणि घाण वास मारणारा पू असला की पूतिकर्ण, हाही वेगळा आहे. हा शेवटचा भेद मला फार मोलाचा वाटतो. वास मारणारा कान आणि नुसता वाहणारा कान यांत फरक करायला आम्हीसुद्धा विद्यार्थ्यांना अजून शिकवतो. दुर्गंधी येणाऱ्या कानात हाड कुरतडणारा रोग असू शकतो, आणि तो थेंबांनी जात नाही.

उपचारांत सुश्रुतानं पाच गोष्टी सांगितल्या: नाकावाटे औषध देऊन डोकं मोकळं करणं, धुरी, कानात औषध भरणं, पुसणं आणि धुणं. शिवाय प्रत्येक वेळी नीट पाहून मगच काय ते करा, असंही बजावलं. कान पुसून कोरडा करायचा, हे इतक्या जुन्या ग्रंथात आहे. माझ्या सगळ्या लिहिण्याचा धागा हाच आहे. पुढच्या दीड हजार वर्षांत आपल्या घरांनी यातलं भरणं उचललं, पुसणं टाकून दिलं, आणि त्याची किंमत पोरांनी मोजली.

बाळाच्या दुखण्याबद्दल त्याहून हळवं लिहिलं ते काश्यपसंहितेनं. हा बालरोगांचा जुना ग्रंथ. त्याची ताडपत्रं नेपाळात मिळाली आणि 1938 साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानं ती छापली. आयुर्वेदाच्या अभ्यासकांपलीकडे तो फारसा कुणाला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. त्यात एक अध्याय केवळ एवढ्यासाठी आहे की ज्याला बोलता येत नाही त्या बाळाचं दुखतंय काय हे ओळखावं कसं. डोकं दुखत असेल तर बाळ काय करतं, पोट दुखत असेल तर काय, गळा दुखत असेल तर काय. कानाबद्दल म्हटलंय की बाळ दोन्ही हातांनी कान चाचपतं, डोकं सारखं हलवतं, कशातच रमत नाही, दूध घेत नाही, झोपत नाही. मी घाटीत, म्हणजे औरंगाबादच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, शिकत होते तेव्हा इंग्रजी पुस्तकातून हीच लक्षणं पाठ केली होती. काश्यपाचा तो अध्याय मी फार उशिरा वाचला आणि माझ्या बाह्यरुग्ण विभागातली कितीतरी लेकरं डोळ्यांपुढे आली.

एक गोष्ट मात्र आयांना सांगून ठेवते. नुसतं कान ओढणं म्हणजे कान दुखणं नव्हे. झोप आली, दात येऊ लागले, तरी बाळं कान ओढतात. काश्यपानंही एकटं लक्षण दिलं नाही, पाच एकत्र दिली. सर्दी होऊन दोन-तीन दिवस झालेत, ताप आलाय, आणि रात्री आडवं ठेवलं की बाळ जास्त किंचाळतंय, असं जुळून आलं तर कान पाहून घ्यावा.

आता हे दुखणं पोरांनाच का. आपल्या नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ एउस्ताकी या इटालियन वैद्यानं तिचं नीट वर्णन केलं, आणि पुढे वाल्साल्वानं 1704 साली तिला त्याचं नाव दिलं. आवंढा गिळताना ही नळी उघडते, मधल्या कानात हवा खेळती राहते, आतला ओलावा खाली घशात उतरतो. मोठ्या माणसात ती साधारण 35 मिलिमीटर लांब आणि चांगली उतरती, जवळपास 45 अंशांत असते. तान्ह्या बाळात ती निम्म्या लांबीची, मऊ आणि जवळजवळ आडवी. सर्दीनं ती सुजली की मधला कान कोंडतो, तिथे पाणी साचतं, घशातले जंतू वर चढतात आणि पाण्याचा पू होतो. पू पडद्याला आतून रेटतो. तो ठणका मोठ्या माणसालाही सोसत नाही, मग तान्ह्याचं काय सांगावं. नाकामागच्या गाठी याच वयात वाढलेल्या असतात, त्या नळीचं तोंड आणखी दाबतात. मूल सात-आठ वर्षांचं झालं की नळी लांबते, कलते, आणि बरीच मुलं या त्रासातून आपसूक बाहेर पडतात. त्या आधीची वर्षं पडदा शाबूत ठेवून पार करायची, एवढंच आपलं काम असतं.

माझी आत्या वेरूळात बाळं न्हाऊ घालायची. घाण्याचं तेल, हळद, डाळीचं पीठ, आणि दगडासारखे घट्ट पण बाळाला कधी न बोचणारे तिचे हात. मांडीवर बाळ पालथं घेतलं की तिचं बोलणं सुरू व्हायचं ते धुरीपर्यंत. टाळू भरायची, मग नाकात थेंब, कानात थेंब. "तेलानं कान वलं ऱ्हातं, लेकराला आयकू चांगलं येतं," ती म्हणायची. न्हाणं झालं की शेगडीवर ओवा, वावडिंग, बाळंतशोपा टाकून धुरी, कानावर कुंची, आणि बाळ झोपेत. त्या सगळ्यात केवढी माया होती हे मी सांगायला नको. आणि त्यात बरंच चांगलंही होतं. बाळ चोळलं जायचं, ऊब मिळायची, रोज एक अनुभवी बाई त्याच्या अंगावरून हात फिरवायची, तिला फोड, गाठ, सूज, ताप लगेच कळायचा.

पण कानात तेल नको. निरोगी कानाला त्याचा उपयोग नाही, कारण कान आपला मळ आपणच बाहेर ढकलतो. पडदा फाटलेला असेल तर तेच तेल आत मधल्या कानात जातं, आणि त्याच्याबरोबर बोटावरचे, वाटीतले, शिंपल्यातले जंतू. ठणका लागला की घरोघर काय काय घातलं जायचं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय: लसूण कढवलेलं तेल, कांद्याचा रस, झेंडूच्या पाल्याचा रस, तापवलेल्या रुईच्या पानाचा रस, गोमूत्र, बाळंतिणीचं दूध. कोमट तेलानं घटकाभर बरं वाटतं, ते उबेमुळे. तीच ऊब कापडाच्या पुरचुंडीनं बाहेरून द्यावी. कान फुटल्यावर वरून कापसाचा बोळा घट्ट कोंबून ठेवायचे. आमचा मुलूख कापसाचा, बोळ्याला काय कमी. तो बोळा पुवानं भिजून चार-चार दिवस तसाच राहायचा. त्यावर माशा बसायच्या. कानात अळ्या पडलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि ती जुन्या काळातली गोष्ट म्हणून सोडून द्यावी असं नाही.

बोंडल्याचं निराळं. बाळाला आडवं धरून बोंडल्यानं दूध ओतत राहायचं, ते रडत असलं तरी. ते दूध ठसका लागून नाकामागे चढतं आणि त्या आडव्या नळीच्या तोंडाशी पोचतं. पुढे बोंडल्याची जागा दुधाच्या बाटलीनं घेतली. ती तर बाळाच्या तोंडात आडवी ठेवून आई कामाला लागते. मला या दोहोंत बाटली अधिक वाईट वाटते, कारण बोंडलं निदान कुणीतरी हातात धरावं लागायचं. अंगावर पाजणाऱ्या आईचं बाळ डोकं थोडं वर करून पितं, शिवाय तिच्या दुधातून रोगाशी लढायचं बळ मिळतं. सहा महिने निव्वळ अंगावर पाजलेल्या मुलांचे कान कमी फुटतात, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

धुराचंही असंच. माझ्या लहानपणी वेरूळच्या घरांत चूल आत, धूर आत, आणि बाळाचा पाळणा त्याच खोलीत. धुरानं नाकघशाची आतली कातडी सुजते, नळी बंद राहते. गॅस आला आणि बाळाच्या छातीबरोबर कानालाही आराम पडला. हे कुणी कानाच्या हिशेबात धरत नाही, मी धरते. घरातल्या माणसाची बिडीही त्याच हिशेबातली.

आता एका समजुतीबद्दल जरा थांबून लिहिलं पाहिजे, कारण पिढ्यान्‌पिढ्या तिनं नुकसान केलं. लेकरू दोन रात्री ठणक्यानं तळमळतं, आईला डोळा लागू देत नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे कानातून पू येतो आणि बाळ एकदम शांत झोपतं. ताप उतरतो. आजी म्हणते, "फुटला गं बाई, बरं झालं, आग भायेर पडली." तिचं निरीक्षण खोटं नाही. पडद्यावरचा दाब गेला म्हणून ठणका थांबला. बहुतेक वेळा ते भोक काही दिवसांत भरूनही येतं. पण याच आरामामुळे गावानं कान फुटणं म्हणजे बरं होणं असं धरलं. दुखत नाही म्हणजे दुखणं नाही! मग पू महिना वाहिला, वर्ष वाहिला, दर पावसाळ्यात वाहिला तरी कुणी दवाखाना गाठला नाही. "पोराचा कान तं वाहतोच," एवढ्यावर विषय मिटायचा. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते या एका वाक्याशी.

कान टोचण्याचा इथे उल्लेख करायला हवा, नाहीतर वेरूळबद्दल लिहून मोठी गोष्ट राहील. लेण्यांतले कान पाहा. बाराव्या लेण्यातल्या बुद्धांच्या लांब पाळ्या, कैलासातल्या देवीदेवतांची कुंडलं, जैन लेण्यांतले तीर्थंकर. सुश्रुतानं कान टोचण्याची कृती फार बारकाईनं सांगितली आहे. सहाव्या-सातव्या महिन्यात, बाळाला दाईच्या मांडीवर बसवून, खेळणी दाखवून रमवत, पाळी डाव्या हातानं ताणायची. उन्हात पाहिलं की जिथून उजेड पार दिसतो तिथे सुई घालायची. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. मग भोकात कापसाची वात आणि तेल. रक्षणासाठी आणि दागिन्यासाठी टोचावेत, असं कारणही दिलंय. आमच्या गावी हे काम सोनाराकडे, आणि सोन्याची तार तो असा हलका हात फिरवून घालायचा की बाळ रडायच्या आधी काम झालेलं असायचं. या टोचण्याचा मधल्या कानाशी संबंध नाही. कान वाहू नये म्हणून वरच्या बाजूला टोचून बाळी घालण्याची समजूत कुठेकुठे ऐकायला येते. तिथे कूर्चा असते, ती पिकली तर कान वेडावाकडा होतो, आणि वाहणं काही थांबत नाही.

जंतुनाशक औषधं येण्याआधी वाहत्या कानाला जगात कुठेच चांगला इलाज नव्हता. कानामागच्या हाडात मधाच्या पोळ्यासारखी हवेची बारीक घरं असतात. पू तिथे शिरला की कानामागे सूज येते, कान पुढे ढकलला जातो, आणि तिथून मेंदू बोटभर अंतरावर असतो. 1873 साली जर्मनीतल्या हाले गावच्या हेर्मान श्वार्ट्सेनं ते हाड उघडून पू काढायची शस्त्रक्रिया पद्धतशीर मांडली आणि तेव्हापासून अशी मुलं वाचू लागली. युरोपातल्या मोठ्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया नेहमीची झाली. वेरूळ तेव्हा निजामाच्या राज्यात, मोठा दवाखाना म्हणजे दूर हैदराबाद. इथल्या ज्या पोराच्या कानामागे सूज आली, झटके आले, त्याच्या मरणाची नोंद तापानं गेला अशी झाली असेल, नाहीतर झालीच नसेल. हा इतिहास कागदावर नाही. जुन्या बायांच्या बोलण्यात 'कान फुटून मेंदूत उतरलं' एवढं येतं, आणि ते वर्णन वैद्यकीयदृष्ट्या अचूक आहे.

17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मोकळा झाला. 1954 साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि देशी पेनिसिलिन निघू लागलं. 1956 साली औरंगाबादला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याचं रुग्णालय म्हणजेच घाटी. वेरूळहून घाट उतरून, दौलताबादच्या किल्ल्याखालून एसटीनं पाऊण-एक तासात माणूस तिथे पोचू लागला. या तीन गोष्टी दहा वर्षांच्या आत घडल्या आणि आमच्या भागातल्या पोरांचं नशीब पालटलं. मातृकांच्या त्या ओळीसमोर उभी राहिले की मला ही तीन सालं आठवतात. माझ्या आधीच्या पिढीतल्या आयांना यातलं काही मिळालं नाही.

पण नव्या औषधानं नवी चूकही आणली. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन एकत्र असलेली इंजेक्शनं खेडोपाडी सर्रास दिली जायची. ताप असो, खोकला असो, कान फुटलेला असो, एक सुई. क्षयरोगाला स्ट्रेप्टोमायसिन मोठं वरदान ठरलं यात शंका नाही. पण ते कानाच्या नसेला इजा करतं, ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं, हे ते औषध आल्यावर थोड्याच वर्षांत कळलं होतं. वाहणाऱ्या कानाच्या पोराला तेच टोचणं म्हणजे उरलेलं ऐकणंही डावाला लावणं. त्याच जातीतलं जेंटामायसिन थेंबांत असतं. पडद्याला भोक असताना ते थेंब सावधपणे वापरावेत. म्हणून आता सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे थेंब दिले जातात. दुकानातून 'कानाचे थेंब द्या' म्हणून काहीही आणू नये, यामागे एवढा इतिहास आहे.

शस्त्रक्रियेतही त्याच काळात मोठी उडी पडली. सूक्ष्मदर्शकाखाली पडद्याचं भोक बुजवायची पद्धत जर्मनीत वुल्स्टाइन आणि झ्योल्नर यांनी 1950 नंतरच्या चार-पाच वर्षांत रूढ केली. कानाच्या वरच्या स्नायूवरचा पातळ पापुद्रा काढून त्याचंच ठिगळ पडद्याला लावतात. 1954 साली अमेरिकेत आर्मस्ट्राँगनं पडद्यात घालायची इवलीशी प्लास्टिकची नळी वापरली. पू न होता नुसतंच चिकट पाणी साचून राहतं, त्या मुलांना ती उपयोगी पडते. आज हे सगळं आपल्या सरकारी रुग्णालयांत होतं. तरी पडदा बसवायला येणाऱ्यांत वीस-पंचवीस वर्षांच्या मुली किती असतात! लग्न ठरलं, सासरच्यांना कळायला नको, म्हणून आलेल्या. चौथ्या वर्षी फुटलेला कान वीस वर्षं वाहत राहिलेला असतो.

त्या मुलींच्या शाळेची वर्षं कशी गेली असतील हे मी विचारते. उत्तर बहुधा एकच येतं: "मी अभ्यासात कच्ची होते." पडद्याला मोठं भोक असेल किंवा मागे पाणी साचलं असेल तर मूल पूर्ण बहिरं होत नाही. त्याला हाक ऐकू येते, पण शब्दांच्या कडा ऐकू येत नाहीत. मास्तर फळ्याकडे तोंड करून बोलले की वाक्य हरवतं. श आणि स, त आणि थ यांतला फरक जातो, मग शुद्धलेखन चुकतं. मूल मागच्या बाकावर जातं आणि 'ढ' ठरतं. बोलायला शिकायच्या वयात, म्हणजे पहिल्या दोन-तीन वर्षांत हे झालं तर बोलणंच उशिरा येतं. लेण्यांपाशी पुस्तकं आणि खडे विकणारी, चार भाषांत भाव सांगणारी हुशार पोरं मी पाहत आले आहे. त्यांतल्या काही शाळेत नापास झालेल्यांचे कान मी तपासले, आणि मला त्या मास्तरांचा नव्हे, आम्हा डॉक्टरांचा राग आला. शाळेपर्यंत आधी आम्ही पोचायला हवं होतं.

2004 साली जागतिक आरोग्य संघटनेनं कायमच्या वाहत्या कानावर एक अहवाल काढला. ज्या देशांत शंभरातल्या चाराहून जास्त लोकांना हा रोग आहे, अशांच्या यादीत भारत होता. टांझानिया, सॉलोमन बेटं, ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी आणि आपण. गरिबी, दाटी, धूर, अर्धवट सुटलेले उपचार हे या सगळ्यांना जोडणारं सूत्र. त्यानंतर आपल्याकडे 2006-07 मध्ये बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम निवडक जिल्ह्यांत सुरू झाला. 2013 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्यात अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांच्या ज्या तीस व्याधी तपासायच्या, त्यांत मधल्या कानाचा दाह आहे. 2021 पासून न्यूमोकोकसची लस महाराष्ट्रातल्या बाळांना सरकारी लसीकरणात फुकट मिळू लागली. ती मुख्यतः न्यूमोनियासाठी आहे, पण मधल्या कानात पू करणाऱ्या मुख्य जंतूंपैकी तो एक आहे. म्हणून मी आयांना सांगते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, हे तिन्ही डोस चुकवू नका.

आता पुसण्याकडे येते. कान वाहत असेल तर धुवट सुती कापडाची, जुन्या लुगड्याची पट्टी उत्तम, समईच्या वातीसारखी वात वळायची. ती हळूच कानात ठेवायची, भिजली की काढून टाकायची, दुसरी ठेवायची, कोरडी बाहेर येईपर्यंत. दिवसातून तीनदा. काडी नाही, हेअरपिन नाही, काडीपेटीची काडी तर नाहीच. कापूस आत सोडायचा नाही, बोळा कोंबून ठेवायचा नाही. थेंब सांगितले असतील तर कान असा कोरडा केल्यावरच घालायचे, नाहीतर ते पुवावर तरंगतात, आत पोचत नाहीत. आशाताईंच्या प्रशिक्षणात मी हे शिकवायला बसले तेव्हा वात वळून दाखवायची वेळच आली नाही. माझ्यापेक्षा सुबक वाती त्यांनीच वळल्या. सुश्रुताचं पुसणं आणि आजच्या सरकारी पुस्तिकेतली वात, यांच्यामध्ये जे हात होते ते या बायांचेच. त्यांना फक्त कुणी सांगितलं नव्हतं की वात कानालाही लागते.

ठणका लागला असेल तर पहिलं काम दुखणं थांबवणं. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावं, कारण जंतुनाशकाचा गुण यायला दिवस-दोन दिवस लागतात. कान फुटून 14 दिवस व्हायचे असतील तर डॉक्टर पोटातून औषध देतात, बहुधा अमॉक्सिसिलिन, निदान पाच दिवस. तिसऱ्या दिवशी ताप गेला म्हणून बाटली फडताळात ठेवू नये. दोन वर्षांवरचं मूल, ताप फार नाही, कान वाहत नाही, तर दोन-तीन दिवस नुसती वेदनाशामक देऊन वाट पाहणंही योग्य ठरतं. तो निर्णय कान दुर्बिणीनं पाहून डॉक्टरांनी घ्यायचा. 14 दिवसांच्या वर पू येत असेल तर गोळ्या कामाच्या नाहीत, तिथे वात आणि थेंब दोन आठवडे, आणि कानाच्या डॉक्टरांची तपासणी. वाहता कान पूर्ण बरा होईपर्यंत डोक्यावरून पाणी घेताना कान जपावा. येळगंगा नदीत आणि विहिरीत उड्या नकोत. बरा झाल्यावरही ऐकू येतंय का ते पाहावं. मागून, ओठ न दाखवता, हळू आवाजात नाव घ्यावं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची मुलं या सगळ्यातून सुटतात. दिवाळीच्या सुमारास गाडी निघते, थेंबांची बाटली इथे राहते, नाहीतर कोपीत सांडते, आणि पोर उन्हाळ्यात परत येतं तेव्हा कान तसाच वाहत असतो. मी जाणाऱ्या आयांना कागदावर लिहून देत आले: औषधाचं नाव, किती दिवस, कुठल्या कानात. आणि शेवटी एक ओळ, जाड अक्षरात: कानामागे सूज आली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, तोंड एका बाजूला वाकडं झालं, मान आखडली, उलट्या झाल्या किंवा लेकरू गुंगीत गेलं, तर सकाळची वाट पाहू नका, जिथे असाल तिथलं मोठं सरकारी रुग्णालय त्याच रात्री गाठा.